कूलरवाल्याचा बेत

मे महिन्याच्या चौदा तारखेला, सक्करदऱ्यात,
कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर
जळका पंप मांडीवर घेऊन बसलो होतो,
तेव्हा ठरवलं, यंदा धबधबा बघायचाच.

बावीस उन्हाळे लोकांच्या खिडकीत पाणी पाडतोय,
खरं पडताना कधी पाहिलं नाही.

बिलाच्या पाठीवर यादी केली:
वनमाला, मी, दोन पोट्टे,
नंदनवारची सुमो, डिझेल निम्मं-निम्मं,
कणिक, वांगी, गोवऱ्या. रोडगे तिथंच भाजू.
वनमालेनं खाली लिहिलं, टॉवेल जुने घ्या,
आणि जुने या शब्दाखाली रेघ मारली.

वाट ठाऊक असलेला माणूस एकच,
शालिक उईके, समोरच्या अपार्टमेंटचा रात्रीचा चौकीदार.
त्याचं गाव तिकडचंच, देवलापारच्याही आत,
पाण्याचा आवाज अंगणात येई, इतकं जवळ.

मी पेन पुढं केला. त्यानं घेतला नाही,
हवेतच बोटानं नकाशा काढत गेला:
"मोठ्या मोहापासून डावीकडं.
मंग सोमाबाईचं वावर.
तिचं कुत्रं भुकते, भिऊ नका.
मंग विहीर, मंग शाळा, शाळेमागून पायवाट..."
बोट हवेतच थांबलं.
"कुत्रं मेलं असन आता," म्हणाला.
थोड्या वेळानं, "वावरही नाही. शाळाही नाही."

गाव उठवलं त्याला अकरा वर्षं झाली.
वाघाचं जंगल झालं, म्हणून.
हे त्यानं तसंच सांगितलं, जसं आपण सांगतो
की घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं,
खोली सोडावी लागली.

पोरानं मोबाइलवर शोधलं.
आता तिथं गेट आहे. जिप्सी आहे. ओळखपत्र लागतं.
सहा माणसं, एक गाईड, फेरा सकाळचा किंवा दुपारचा.
पावसाळ्यात बंद.
विस्तव पेटवायला मनाई. रोडगे खोडले.
गाडीतून उतरायला मनाई. टॉवेल खोडले,
जुने या शब्दासकट.
धबधबा दुरून दिसतो, असं होतं खाली,
पाणी असेल तर.

उईकेला म्हटलं, एक सीट तुमची.
"माह्याच गावाले तिकीट काढून?"
हसला. मग ते हसू तोंडावर फिरत राहिलं
लाईट गेल्यावर पंख्याचं पातं फिरतं तसं.
"तुम्ही जाऊन या. पण दसऱ्यानंतर.
भादव्यात ते लय वरडते, काही आयकू येत नाही.
दसऱ्यानंतर शब्द कळतात."

त्याच्या चौकीत मी भंगारातला एक कूलर जोडून दिलाय.
त्या रात्री विचारलं, असा येतो का आवाज?
कान देऊन बसला. "नाही.
हे पडते. ते उतरते."

वरचा पाइप काढला. छत्तीस भोकं.
आगपेटीच्या काड्या मोडून एकेक बुजवत गेलो.
डोळे मिटून तो सांगत होता:
"अजून कमी.
तिकडचं राहू द्या.
अजून एक.
थांबा."
अकरा भोकं उरली. ताट्या निम्म्या कोरड्या,
हवा गरम येऊ लागली, त्याला फिकीर नव्हती.

"ह्याच्यात गोटा नाही," म्हणाला,
आणि उठून गेटाला अडसर म्हणून लावलेला दगड
दोन्ही हातांनी उचलून आणला, टाकीत ठेवला.

टाकीत दगड ठेवू नका, पंप जातो,
असं मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो.
त्याला सांगितलं नाही.
गेट हळूहळू आपोआप उघडलं, तसंच राहिलं.
बराच वेळ आम्ही दोघं बोललो नाही.

ऑक्टोबरचा दुसरा रविवार, असं लिहून ठेवलंय.
नंदनवारला सुमोचं अजून विचारायचंय.